पोरीची गाठ

३ मार्च १९९८, मंगळवार

स्वराली सापडली.

इंदापूरच्या स्टँडवर कंट्रोलरसाहेबांच्या टेबलावर बसून बिस्किटं खात होती. मला बघून म्हणाली, "आई, तू उतरलीस अन् मला का नाही उठवलंस?" रागानं नाही. खरंच विचारत होती.

काय सांगू तिला! बारामतीहून बसनं निघालो, पोरगी शेजारी झोपली. खिडकीतून कालव्याचं पाणी दिसत होतं. त्यावर ऊन असं तुकडे तुकडे होऊन पळत होतं की मी त्याच्यामागं किती लांब गेले देव जाणे. जंक्शन आलं, आमच्या गावाचा फाटा. पिशव्या घेतल्या, चंद्राबाईंनी दिलेल्या शेवग्याच्या शेंगा घेतल्या, उतरले. टपरीवर फुलाबाईशी बोलत सुद्धा बसले! तिनंच विचारलं, "म्हाळसे, पोर कुनाकडं ठिवली आज?"

तशी धावतच रस्त्यावर आले, जीप थांबवली.

जीपवाल्यानं इंदापूरपर्यंत कशी पळवली ते आठवत नाही. शेंगा मात्र तशाच हातात होत्या.

५ मार्च

आत्याबाईंनी निकाल सांगितला. सासू असल्या तरी आमच्यात आत्याबाईच म्हणतात. चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जूनपासनं पोर चंद्रीकडं. बारामतीला शाळंत घालू. हिच्या भरवशावर न्हाय ठिवायची."

चंद्राबाई माझी नणंद. मूलबाळ नाही. जीव लावतील, खोटं कशाला बोलू. पण माझी पोर का द्यायची?

हे जेवत होते. ताटातली भाकरी मोडत राहिले. सबंध सीझन ट्रॅक्टरवर ऊस ओढून माणूस थकतो, त्यात घरात हे. नंतर म्हणाले, "जूनला अजून येळ हाय." म्हणजे काय ते मलाच ठरवायचं.

ही डायरी कारखान्यानं वाटलेली. कोरी पडली होती. तिच्यात लिहिते. कुणाला तरी सांगायला हवं ना.

६ मार्च

आज डेअरीला जायच्या दुधाच्या किटलीत विरजण घातलं. पातेल्यात घालायचं ते किटलीत! डेअरीवरचा भिमा हसून हसून वाकला — "वैनी, दही कंदीपासनं घ्यायला लागलो आमी?"

गावभर झालं.

८ मार्च, रविवार

आत्याबाईंनी देवऋषाकडं नेलं. त्यानं माझ्यावरून लिंबू उतरवलं, जमिनीवर सोडलं. लिंबू शेणाच्या सारवणावरून गडगडत उंबऱ्याला लागलं, थांबलं, परत जरा मागं आलं. किती छान पिवळं होतं! तो काहीतरी विचारत होता. "बोल बाई, कोन हायस तू?" मी म्हटलं, "आं?"

परत येताना आत्याबाई फणकारल्या, "तितं बी लक्ष न्हाय तुजं! भूत असतं तर त्ये बी कट्टाळून गेलं असतं."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

११ मार्च

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मग जाता जाता मी बसचं सांगितलं आणि रडले. बाईंनी पेन खाली ठेवलं. लहानपणी कशी होतीस, शाळेत कशी होतीस, विचारलं. दहावीला वर्गात पहिली, बारावीला नापास — पेपर अर्धा सोडून खिडकीबाहेरच्या घारीकडं बघत बसले होते, हेही सांगितलं.

म्हणाल्या, "पुण्याला एक डॉक्टर आहेत. मनाचे. मोठ्या माणसांतलं हे बघतात. तू एकदा जाच."

मनाचे डॉक्टर! घरी सांगायचं कसं?

१७ मार्च, मंगळवार

यांनी एक खेप बुडवली आणि पुण्याला नेलं.

दवाखान्यात खूप ऊन येत होतं. डॉक्टर म्हातारे, कानावर केस. ते एकेक विचारत गेले. बोलता बोलता उठून जाता का? दूध उतू जातं का? एक काम धरलं की तिसऱ्याच कामात सापडता का? समोरचा बोलत असतो तेव्हा मन कुठं असतं? आमच्या घराच्या खिडकीशी उभं राहून बघितल्यासारखं विचारत होते हो! मी 'हो' 'हो' म्हणत राहिले आणि शेवटी पदर तोंडाला लावला.

त्यांनी एक नाव सांगितलं. इंग्रजी, चार अक्षरी. येता येता विसरले! (यांनी लक्षात ठेवलं — एडीएचडी.) लहान मुलांत असतं, मोठेपणीही राहतं, पण मोठ्यांकडं अजून कुणी फारसं बघत नाही म्हणाले. आळस नाही, वेड नाही. "मेंदूची ठेवणच तशी आहे. मोडलेलं काही नाही, पण सांभाळावं लागतं."

उपाय विचारला. गोळी आहे, म्हणाले. ती खरं तर उदासपणावरची, पण अशा माणसांना थोडी मदत करते. नुसत्या गोळीनं भागत नाही. तिथल्या ताईंशी बोलायला यायचं, त्या कामाच्या रीती शिकवतील. आणि घरच्यांनीही थोडं शिकायचं. हे मान हलवत होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हिचं डोकं आमच्या जुन्या ट्रॅक्टरवानी हाय साहेब. लागलं तर लागलं, न्हायतर ढकलत बसायचं." डॉक्टर हसले. मी पण.

पण गोळी लगेच दिली नाही. "तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस घेऊन या. त्याशिवाय मी पक्कं सांगणार नाही."

आई तर गेली. राहिले आबा.

२२ मार्च, रविवार

माहेरी आले. भिगवणच्या अलीकडं आमची वस्ती. पाणी खूप मागं गेलंय. जिथं होड्या असायच्या तिथं चिखलात लांब पायांचे पक्षी उभे. पांढरे, पंखांखाली गुलाबी. सकाळी सगळे एकदम उठले तेव्हा पाण्याच्या वर दुसरं पाणी उडाल्यासारखं झालं. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. स्वरालीनं माझ्या साडीचं टोक धरून ठेवलं होतं. आता ती कायम धरते.

आबांना सांगितलं. त्यांच्या हातात चाती फिरत होती, लोकरीचा धागा खाली खाली जात होता. आता मेंढ्या थोड्याच राहिल्यात, पण चाती सुटत नाही. ऐकलं सगळं. मग म्हणाले, "माजी ल्येक येडी न्हाय. डाक्टरला सांग जा."

"आबा, तोही हेच म्हणतोय."

"मग मला कशापायी बोलावतोय?"

२८ मार्च

पाडवा. गुढी उभारली. साखरेची गाठी स्वरालीच्या गळ्यात. दुपारी आबांचा निरोप आला — येतो म्हणून.

आत्याबाई म्हणाल्या, "मी बी येनार. डाक्टर काय काय सांगतोय, मला बी कळू दे." यांच्या शेवटच्या खेपा आहेत, हे येऊ शकत नाहीत. म्हणजे आत्याबाई पाळत ठेवायला.

३१ मार्च, मंगळवार

भिगवणहून पॅसेंजरनं पुण्याला. आबा दाराशी बसून चाती फिरवत. आत्याबाई डब्यात बसल्या म्हणून नाहीत! पिशवी वर ठेव, खाली घे, परत वर ठेव, खिडकी लाव, उघड. त्या घरीही अशाच. एक डबा वीतभर सरकला तर घर डोक्यावर घेतात. किल्ल्या कमरेला, पदराला गाठी. एक काम एक गाठ. काम झालं की गाठ सोडायची. फक्त कोपऱ्यातली एक घट्ट, काळपट गाठ त्या कधी सोडत नाहीत. लुगडं बदललं की तीच गाठ नव्या लुगड्याला बांधतात. लग्नानंतर एकदा विचारलं होतं, तर हात झटकला होता.

डॉक्टरांनी आबांना खुर्ची दिली. आबा खालीच बसले. "पोर लहानपणी कशी होती?"

आबा म्हणाले, "गुणाची. पर कोकरं राखाय बसवली की ढगामागं जायाची. सांच्याला कोकरं घरी यायची, ही न्हाय यायची."

डॉक्टर हसू दाबत लिहीत होते. "मग तुम्ही काय करायचा?"

"काय करनार? कोकराच्या गळ्यातलं घुंगूर हिच्या पायात बांधलं. आवाज लांब गेला की हाक मारायची."

मला हे माहीतच नव्हतं! घुंगरू आठवतं. पण मला वाटायचं, लाडानं बांधलंय. लाडच होता म्हणा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाचं असं?" हे रक्तात चालत येतं म्हणे. मग कुणा बाईचं उदाहरण सांगू लागले — विसरू नये म्हणून सगळं जिथल्या तिथं ठेवणारी, एक वस्तू हलली की चिडणारी, कधी स्वस्थ न बसणारी. लोकांना वाटतं बाई फार कडक आहे, पण आतून भिऊन असते. तेवढ्यात आत्याबाई उठल्या. "पानी पिऊन येते." परत आल्याच नाहीत. बाहेर व्हरांड्यात, भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

परतीच्या गाडीत एक शब्द नाही. भिगवण येईपर्यंत! आत्याबाई आणि गप्प? चिडल्यात. आता पोर नक्की जाणार.

गोळी मिळाली.

९ एप्रिल

तोंड कोरडं पडतं. पाणी पिते, परत कोरडं. बाकी काही फरक नाही. आज भाजीत मीठ दोनदा.

१४ एप्रिल, मंगळवार

ताईंकडं बोलणं. चांगल्या आहेत, टेबलावर मोकळे हात ठेवून ऐकतात. म्हणाल्या, डोक्यात ठेवू नका, हाताला लागेल असं काहीतरी बाहेर ठेवा. "तुमच्याकडं लक्षात राहायला काय करतात?"

"पदराला गाठ मारतात."

"मग मारा की!"

एवढ्यासाठी पुण्याला यायचं!

१६ एप्रिल

सकाळपासून गाठी मारल्या. संध्याकाळपर्यंत पदर घडासारखा लोंबायला लागला आणि एकीचंही कारण आठवेना! ओसरीवर बसून रडू की हसू झालं.

आत्याबाई बघत होत्या. आल्या, पदर हिसकावला. "मोकळी गाठ मारतीस व्हय, येडे? आत काय तरी घाल की!"

मग शिकवलं. रागारागानंच, पण शिकवलं. मीठ आणायचं तर आत मिठाचा खडा. म्हशीची पेंड संपली तर पेंडीचा तुकडा. दळणाला जोंधळ्याचा दाणा. बोटाला आतलं लागलं की काम आपोआप आठवतं.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोन शिकिवतंय. मार खाऊन शिकले."

मी विचारलं, "आणि पोरीसाठी? स्वरालीसाठी काय घालायचं आत?"

त्या थांबल्या. हात माझ्या पदरावरच राहिला. मग म्हणाल्या, "तिच्या अंगावरलं काय बी. अन् पोरीची गाठ सोडायची नसती." आणि उठून गोठ्याकडं गेल्या.

स्वरालीच्या रिबिनीचा तुकडा घातलाय. पिवळा. बोट सारखं तिथं जातं.

२ मे

गोळी लागू पडतेय बहुतेक. आज स्वयंपाक सुरू केला आणि संपवला. एका दमात! दूध तापलं, उतरवलं. म्हैस बांधली. कुणी ओरडलं नाही म्हणून घर कसं ओकं ओकं वाटलं.

५ मे

पण एक सांगू का, डायरीच्या पाना? कालव्यावर धुणं धुताना वर बघितलं तर आभाळ नुसतं आभाळ होतं. ढग नुसते ढग. आधी त्यांच्यात मेंढ्या असायच्या, आबा असायचे, आई काठी घेऊन पुढं चालायची. तासन्‌तास मी तिच्याबरोबर चालायचे. आज कुणी नाही. मी खाली बघितलं आणि धुणं धुतलं.

चार कपडे पांढरे करून आईला घालवलं की काय मी!

७ मे

दोन दिवस गोळी घेतली नाही. ढगात आई आली. इकडं म्हैस सुटून शेजारच्यांच्या घासाच्या शेतात शिरली.

स्वराली म्हणाली, "आई, तू परत बसमध्ये गेलीस." म्हणजे हरवले म्हणायचंय तिला. पोरीनं शब्द सुद्धा शोधून काढलाय.

घेतली गोळी.

१२ मे, मंगळवार

डॉक्टरांना आईचं सांगितलं. वाटलं हसतील. नाही हसले. गोळी थोडी कमी केली. म्हणाले, "तुमची स्वप्नं काढून घ्यायची नाहीत मला. फक्त पोर हाताशी असताना दाराला कडी हवी." ताई म्हणाल्या, ढगांसाठी वेळ ठरवून घ्या. पोर घरात आजीजवळ असेल तेव्हा, जेवणं झाल्यावर, ओसरीवर. ठरवून बघायचे ढग! आधी हसू आलं. मग करून बघितलं. येते आई. जरा उशिरा येते, पण येते.

आणखी एक रीत सांगितली — किचकट काम असेल तर शेजारी कुणाला तरी बसवायचं. त्यानं काही करायचं नाही, नुसतं बसायचं. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "ह्ये जमंल मला. नुसतं बसायचं काम आजवर कुनी दिलंच न्हवतं!" आता मी भुईमुगाच्या शेंगा फोडते, हे समोर बसतात. कधी आत्याबाई येऊन बसतात. म्हणतात पाय दुखतोय म्हणून बसले. पण त्या बसतात! पूर्वी कधी बसल्या होत्या?

२४ मे, रविवार

आज मी आणि स्वराली, दोघीच, बारामतीला लग्नाला. आत्याबाई फाट्यापर्यंत आल्या. आम्ही बसमध्ये चढलो तरी तिथंच उभ्या.

कालवा आला. ऊन आलं. पाण्यावर तसंच पळत होतं. मी बघितलं, मनसोक्त बघितलं, आणि बोट गाठीवर ठेवलं होतं. येतानाही तसंच. जंक्शनला आधी पोर उतरवली, मग पिशव्या. पिशवी एक राहिली बसमध्ये. राहू दे!

फुलाबाईनं टपरीतून हात वर केला.

आणि आत्याबाई फाट्यावरच होत्या. घरी गेल्याच नव्हत्या की परत आल्या होत्या, काय माहीत. स्वरालीचा हात धरून चालायला लागल्या. म्हटलं, आता तरी पोर इथंच राहू दे म्हणतील. तसं म्हणाल्या नाहीत.

१ जून

बारामतीच्या शाळेत नाव घातलंय, चंद्राबाईंचा निरोप. रविवारी न्यायला येणार.

यांना म्हटलं, तुम्ही बोला. म्हणाले, "आईपुढं मी कंदी बोललोय?" मला एवढा राग आला की दोन शब्द बोलले नाही त्यांच्याशी. मग स्वतःच जाऊन आत्याबाईंना म्हटलं, "माझी पोर मला हवी." बस, एवढंच.

त्या भाकरी थापत होत्या. थापत राहिल्या.

७ जून, रविवार

चंद्राबाई आल्या. नेहमीसारख्या. लहानपणापासून मामाकडं वाढलेल्या, माहेरी आल्या तरी पाहुण्यासारख्या कडेला बसतात, आईच्या हातचं पाणी सुद्धा मागून घेत नाहीत. स्वरालीला नवं दप्तर आणलेलं. मी तिचे कपडे भरले. एकही विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

दोघी निघाल्या. चंद्राबाईंनी दप्तर उचललं आणि आत्याबाईंनी दुसऱ्या बाजूनं पट्टा धरला.

"ऱ्हाऊ दे. पोर हितंच ऱ्हाईल."

"अगं पण तूच तर—"

"म्हाळसा बघंल तिला. अन् म्हाळसा चुकली तर मी हाय. मी चुकले तर म्हाळसा."

चंद्राबाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला मामाकडं धाडताना असं न्हवतं धरून ठिवलंस, आई."

आत्याबाईंचा हात त्या काळ्या गाठीवर गेला. चंद्राबाई चहा न घेता गेल्या. दप्तर ठेवून गेल्या.

पोर माझ्या मांडीवर झोपलीय. आनंद झालाय, पण चंद्राबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

९ जून, मंगळवार

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. आज आत्याबाई स्वतःहून आल्यात. भिगवण सुटलं, पाणी मागं गेलं, तशी त्यांनी ती गाठ दातानं सोडली. आत तान्ह्या पोराच्या मनगटीचा एक काळा मणी.

"चंद्रीचा. दुसरा दात बी आला न्हवता तिच्या तोंडात. बिरोबाच्या जत्रंत मी पोर इसरून घरी आले. सासूनं त्याच दिवशी माज्या भावाकडं धाडली, परत दिलीच न्हाय."

मणी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "तुज्या डाक्टरला सांग, घरात आनखी कुनाचं आसं, म्हून इचारलं व्हतं, त्येचं उत्तर घिऊन आलेय."